बिनपाण्याचा रंग

येना, १४ ऑक्टोबर २००८

रुपेश,

मायना लिहीत नाही. चार वर्षांत तू माझा एक फोन उचलला नाहीस, तेव्हा ‘प्रिय’ आणि ‘अनेक आशीर्वाद’ दोन्ही वायाच जायचे. सरळ विचारते. विष्णूचा जबडा तू कशाने फोडलास? आई फोनवर नुसती रडते. “गजाने” एवढं म्हणाली आणि ठेवून दिला. कुठला गज? रंगाच्या कुंडातलं कापड ढकलायला जिगर मशीनच्या कोपऱ्यात उभा असायचा तो, बाबांचा, दोन फुटी? तो अजून आहे?

मग तीन फोन मिळून आईने सांगितलं ते असं. खंडेनवमीचा दिवस. कारखान्यातली मशीनची पूजा तू बंद केली आहेस, ते तुझं तू जाण. दुपारी विष्णू जिगरशेजारी उकिडवा बसून डबा खात होता. तू आलास, काही विचारलं नाहीस, आणि त्याच्या हातातला भात तोंडात जायच्या आत पहिला तडाखा दिलास. दुसरा खांद्यावर. तिसरा तोंडावर, आणि तेव्हा जबडा मोडल्याचा आवाज बाहेर बॉयलरपर्यंत गेला म्हणे. चौघांनी तुला धरलं तरी तू ओरडतच होतास, “मशीनपाशी जेवतोस? मशीनपाशी जेवतोस?” आता विष्णूचे दात तारांनी बांधलेत आणि त्याची बायको त्याला नळीने पेज पाजते. बावीस वर्षं तो आपल्याकडे आहे, रुपेश. तुला सायकल शिकवताना सीट धरून इचलकरंजीच्या बाजारभर धावायचा तो हाच विष्णू.

आई म्हणाली, “खाण तशी माती, दुसरं काय.” मला राग आला, कारण ते खरं आहे. तू बाबा झालास. बाबांना निदान आपण काय करतो आहोत ते माहीत तरी नव्हतं. तुला माहीत आहे. तुझ्या गळपट्टीचं हाड अजून जिथे वर आलंय तिथे हात लावून बघ.

तू नऊ वर्षांचा होतास, मी पंधरा. तेव्हाही खंडेनवमीच होती. बाबांनी तुला झेंडूची फुलं आणायला पाठवलं आणि तू ओढ्याकाठी बसून राहिलास, आपल्या कारखान्यातून कुठला रंग येतो ते बघत. सकाळी हिरवा आला, मग तांबडा. तुला ते आवडायचं. फुलं वेळेवर आली नाहीत, माल घाईचा होता, म्हणून बाबांनी पूजा न करताच मशीन चालू केलं. दुपारी एका कामगाराची तीन बोटं रुळात गेली. मग बाबांनी तो गज उचलला. “ही तीन बोटं तुझ्यामुळे गेली,” असं म्हणून त्यांनी तीन फटके मोजून मारले, आणि त्यानंतरचे मोजले नाहीत. मी दाराआड उभी होते. मी आत आले नाही. मला वाटलं, मी आले तर मलाही.

त्या दिवसापासून तू पूजेचं नाव काढलं की थुंकतोस आणि मी कुठल्याही मशीनला कुंकू लावल्याशिवाय हात लावू शकत नाही. एकाच गजाने तुला नास्तिक केलं आणि मला भित्री.

आणि तू काय ठरवून इकडे जर्मनीला आला होतास, आठवतं का? मला आठवतं, कारण मीच तुला विमानतळावर घ्यायला आले होते आणि गाडीत बसता बसता तू सुरू झालास. “ताई, ओढ्यात रंगाचा एक थेंब जाता कामा नये. पाणीच काढून टाकू. पाणी नाही तर ओढा घाण कशाने होईल?” मी हसले होते. तीन वर्षांत तू ते करून दाखवलंस. कार्बन डाय ऑक्साइड इतका दाबायचा की तो धड वायू राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. त्यात माझी रंगाची भुकटी विरघळवायची, ती पॉलिएस्टरमध्ये शिरते, दाब सोडला की कापड कोरडं ठणठणीत बाहेर येतं आणि वायू परत टाकीत. मीठ नाही, वाफ नाही, सांडपाणी नाही. भुकटी माझी, भांडं तुझं. जर्मन लोक आपल्याला ‘ती दोन भावंडं’ म्हणायचे आणि तुला ते आवडायचं.

आता आई सांगते, तू त्या सगळ्या वह्या बॉयलरमध्ये घातल्यास आणि ओढा दिवसात तीन रंग बदलतो. शाबास.

विष्णूच्या घरी जा आणि त्याच्या पाया पड. इथे मशीनचा अपघात झाला तो झाला. त्यात तुझा दोष नव्हता, हे मी तेव्हाही म्हणाले होते आणि आताही म्हणते. त्याचा सूड दुसऱ्याच्या दातांवर काढू नकोस.

ताई


येना, ९ नोव्हेंबर २००८

रुपेश,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांनी तीन वाक्यं. “विष्णूकडे गेलो नाही. माझा दोष नव्हता हे तुला कसं माहीत? रिपोर्ट तर तूच मला वाचून दाखवलास.” खाली सहीसुद्धा नाही. अक्षर मात्र तेच, मुंग्या चालल्यासारखं. अन्वीने कार्ड हातात घेऊन विचारलं, “वेर इस्ट दास?” मी म्हटलं, मामा. तिने मामा पाहिलेलाच नाही. ती तीन वर्षांची आहे, मी मराठीत विचारते आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते.

कसं माहीत म्हणजे काय? मी तिथे होते.

गुरुवार होता, २१ ऑक्टोबर. तू सकाळपासून घाईत होतास, कारण दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते आणि निळा रंग दोनदा डागाळला होता. भांडं खड्ड्यात उभं, त्याचं झाकण जमिनीच्या पातळीपासून गुडघ्याएवढं वर. तू झाकणापाशी, आपले मुख्य कारागीर, माइस्टर लोरेन्त्स, बटणांपाशी, मी काचेच्या पलीकडे माझ्या वजनकाट्यावर. तू डबा उभ्याउभ्या, झाकणापासून दोन हातांवर खाल्लास. दहीभात. मी हाक मारली होती, “अरे, बसून खा,” आणि तू चमचा हलवून मला गप्प केलंस.

दाब दोनशे वीसवर गेला तेव्हा फुसफुस सुरू झाली. लोरेन्त्स ओरडला, “वेग दा!” तू बाजूला झाला नाहीस. तू वाकून कान लावलास. डॉक्टर मुलाच्या छातीला लावतो तसा. मग तो आवाज झाला. तो मला अजून ऐकू येतो, कुकरची शिट्टी लागली तरी येतो, म्हणून मी कुकर टाकून दिला. झाकणाच्या फटीतून तो झोत सुटला आणि सगळं पांढरं झालं. त्या पांढऱ्यातून तू मागे फेकला गेलास आणि खड्ड्यात पडलास.

वायू जड. तो खड्ड्यात साचतो. लोरेन्त्सला हे तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, तीस वर्षं तो तेच शिकवत होता. मास्क भिंतीला होता, दहा पावलांवर. तो दहा पावलं गेला नाही. तो तसाच खाली उतरला, तुला खांद्यावर घेऊन शिडीवर ढकललं, मी तुझी कॉलर धरून ओढलं. तू वर आलास. तो आला नाही. शिडीच्या तळाशी तो गुडघ्यावर बसला, एखाद्याने काही हरवलेलं शोधावं तसा, आणि आडवा झाला. आगीच्या बंबाची माणसं मास्क लावून येईपर्यंत अकरा मिनिटं मी त्याच्या टोपीकडे बघत होते. बिनपाण्याच्या मशीनमध्ये माणूस बुडाला.

तुझा चेहरा निळा होता. आधी मला वाटलं गुदमरून. मग कळलं, ती माझी भुकटी होती. त्या झोताने ती तुझ्या कातडीत घुसवली होती, गालात, कपाळात, उजव्या डोळ्यात. डोळा गेला. बाकी निळे ठिपके कायमचे. आई म्हणते, कारखान्यातली पोरं मागून तुला काय म्हणतात ते तुला माहीत आहे.

मग तो दफनाचा दिवस. तू पट्ट्या बांधलेल्या तोंडाने गेलास, मी नको म्हणत होते. लोरेन्त्सचा मुलगा टोबियास सगळ्या लोकांतून सरळ तुझ्यापाशी आला आणि त्याने पट्टीवरच ठोसा मारला. “तू मशीनवर गिळत बसलास आणि माझा बाप मेला.” पट्टीतून रक्त आलं. त्याने पुन्हा मारला. तू दोन्ही हात कोटाच्या खिशात घातलेस, ते वर उठू नयेत म्हणून. तिसऱ्या ठोशाला तू पडलास तेव्हा कुणीतरी त्याला धरलं. मी हातात फुलांचं चक्र घेऊन उभी होते.

रिपोर्टमध्ये होतं तेच मी तुला वाचून दाखवलं. झाकणाच्या खाचेत, रबरी कड्याच्या खाली तांदळाचा एक दाणा सापडला. त्यामुळे कडं नीट बसलं नाही, दोनशेच्या पुढे ते फाटलं. त्या ठोशांनंतर तुझे दोन्ही डोळे बांधलेले होते, म्हणून तुझ्या पलंगावर बसून मी वाचलं. शब्दन्‌शब्द वाचलं. “डबा माझाच होता,” एवढंच तू म्हणालास. मग मी चौकशीत तुझ्या डब्याचं सांगितलं हे तुला कळलं, आणि तू सलाईनचा स्टँड उचलून खिडकीत फेकलास. काच माझ्या केसांत होती. त्यानंतर आपण बोललो नाही.

तरीही मी म्हणते, दोष तुझा नव्हता. एक दाणा. कुणाच्याही हातून पडला असता. मी तुझी बहीण आहे, मला एवढं कळतं.

ताई


येना, १२ नोव्हेंबर २००८

रुपेश,

मागचं पत्र पोस्टात टाकलं नाही. ते आणि हे एकाच पाकिटात घालते आहे, म्हणजे मी किती सफाईने खोटं बोलते ते तुला एका बैठकीत दिसेल.

शब्दन्‌शब्द वाचलं नव्हतं. एक शब्द गाळला होता. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, तांदळाचा दाणा, ‘रोह’, एका बाजूने तांबूस. रोह म्हणजे कच्चा.

आता तू थांबला असशील. तू इंजिनिअर आहेस, तुला पुढचं सांगायची गरज नाही, पण मी सांगणार, कारण न सांगण्याची मला फार सवय झाली आहे. दहीभाताचा दाणा कड्याखाली गेला असता तर त्याचा लगदा झाला असता आणि कडं त्याच्यावर बसलं असतं. शिजलेला भात दोनशेचा दाब अडवत नाही. तो कच्चा होता. आणि कच्चा, तांबडा तांदूळ माणूस डब्यात नेत नाही. त्या अक्षता होत्या. माझ्या.

२१ ऑक्टोबर २००४. पंचांग मी आईकडून फोनवर विचारून घेतलं होतं. खंडेनवमी. तू मला आधीच दम दिला होतास, “ताई, माझ्या मशीनला कुंकूबिंकू काही नाही. तुझे देव घरी.” म्हणून मी साडेसहाला गेले, तुझ्या दीड तास आधी. कुंकू आणि तांदूळ फिल्मच्या रिकाम्या डबीत नेले होते. झेंडू कुठला मिळतोय, सुपरमार्केटमधली पिवळी शेवंती होती. तुझं झाकण ते उचलणाऱ्या क्रेनला लटकत होतं, भांडं उघडं. मी काठाला कुंकू लावलं, फूल ठेवलं, साखर ठेवली, हात जोडले. म्हटलं, याला काही होऊ देऊ नकोस. याची हाडं एकदा मोडून झाली आहेत.

आणि अक्षता वाहिल्या. ठेवल्या नाहीत, रुपेश. बाबांसारख्या वाहिल्या, दोन पावलं मागे सरून, मूठ उघडून. मला दुसरी पद्धत माहीतच नाही. बाबांच्या जिगरवर अशा मूठभर अक्षता दरवर्षी पडायच्या आणि पहिल्या पाण्याबरोबर ओढ्यात जायच्या. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नाही. पाणी सगळं पोटात घेतं. तुझ्या मशीनमध्ये पाणी नव्हतं. तेच तर आपलं मोठेपण होतं ना? पडलेला दाणा वाहून न्यायला तिथे काहीच नव्हतं, आणि मी रंगाची रसायनशास्त्रज्ञ, त्याच मशीनची भुकटी करणारी, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मग मी सगळं आवरलं. ओल्या कागदाने कुंकू पुसलं, फूल पर्समध्ये, जमिनीवरचे दाणे वेचले, भांड्यात विजेरी मारून पाहिलं. कड्याखालची खाच दिसत नाही. तू आल्यावर काठ पुसलास, नियमात होतं तसा, पांढऱ्या फडक्याने, दोनदा. मी काचेतून पाहत होते. कडं काढून खाच पुसायचा नियमच नव्हता. तू काहीही चुकला नाहीस. हे मला चार वर्षं माहीत आहे.

चौकशीला तीन माणसं होती. त्यांनी टेबलावर प्लॅस्टिकची लहान पिशवी ठेवली. आतला तांबूस दाणा मी लगेच ओळखला. वयस्कर होता त्याने फार अदबीने विचारलं. त्याला वाटलं असेल, यांचं खाणं असंच असतं, लाल, वेगळं. “हे तुमच्याकडचं जेवण ना? तुमचे भाऊ मशीनपाशी हेच खात होते?”

मी म्हणाले, “जा, गेनाऊ.” हो, अगदी बरोबर.

एवढंच. दोन शब्द, आणि दिवसातून पन्नास वेळा आपण ते इथे भाजीवालीलासुद्धा म्हणतो. त्याने लिहून घेतलं आणि मला पाणी दिलं.

कारणं माझ्याकडे पुष्कळ आहेत. अन्वी पोटात होती. नोकरी गेली असती. एक माणूस मेला होता, आणि ‘अंधश्रद्धेमुळे’ असं पेपरात आलं असतं. चार वर्षं ही कारणं मी घासूनपुसून ठेवली आहेत. खरं कारण सांगू? मला बाबांचा गज दिसला. ते जाऊन दोन वर्षं झाली होती, मी पस्तीस वर्षांची होते, समोर तीन जर्मन माणसं कॉफी पीत होती, आणि मला गज दिसला. मी पुन्हा दाराआड गेले आणि तू पुन्हा मार खाल्लास. टोबियासचे ठोसेही तूच खाल्लेस. आणि वर मी आईला म्हणत राहिले की खरं बोलले म्हणून माझ्यावर डूख धरतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच.

माझ्या पहिल्या पत्राची मला किळस येते. तू बाबा झालास, म्हणे. तुला बाबा कुणी केलं? मशीनपाशी कुणी जेवलं की माणूस मरतो, हे तुझ्या डोक्यात मी घातलं. विष्णूच्या जबड्यावर बसलेला गज इथून, येनाहून, मी हाणला आहे.

लोरेन्त्सला तू मारलं नाहीस. हे वाक्य मी एका स्वतंत्र ओळीत लिहायचं ठरवलं होतं, पण ते इथेच येऊ दे, बाकीच्यांबरोबर. तू मारलं नाहीस. मी मारलं. रिपोर्टची प्रत सोबत आहे, त्या शब्दाखाली मी रेघ मारली आहे. आईला दाखव, विष्णूला दाखव.

क्षमा मागत नाही, मागायला तोंड नाही. तो गज अजून आहे असं दिसतं. मला काय करायचं ते कर.

ताई


येना, १७ जानेवारी २००९

रुपेश,

तुझ्याकडून पत्र नाही, आणि मी त्याची वाट बघत नव्हते, हे खोटं. रोज बघत होते.

मी काय केलं ते आधी सांगते. त्या चौकशीच्या ऑफिसात जाऊन सगळं लिहून दिलं. पुढे काय होईल ते वकील सांगेल. मशीनच्या हॉलमध्ये मला आता प्रवेश नाही, माझा वजनकाटा दुसरी मुलगी वापरते. मग लोरेन्त्सच्या घरी गेले. दार टोबियासने उघडलं. मी दारातच सांगितलं, कारण आत बोलावलं तर धीर राहिला नसता. त्याला कळायला वेळ लागला, अक्षता म्हणजे काय ते दोनदा सांगावं लागलं. मग त्याने मला दोन्ही खांद्यांना धरून चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा. पुढचा दात तुटला. आतून त्याची आई आली आणि म्हणाली, “सोड तिला.” तिने मला रुमाल दिला. मग म्हणाली, “चार वर्षं तुम्ही मला बेकरीत भेटता आणि गुड मॉर्निंग म्हणता.” मी रुमाल दाबून धरला, तोंडात रक्त होतं. जाताना तिने एक निरोप दिला. तू इथून जाईपर्यंत दर रविवारी थडग्यावर फुलं ठेवायचास, ती दर सोमवारी ती कचऱ्यात टाकायची. ते तुला कळवावं आणि तिला वाईट वाटतं असं लिहावं, असं ती म्हणाली. लिहिलं.

तुझं आईकडून कळलं. पत्र तू जिन्यातच उभा राहून वाचलंस, आणि दोन दिवस जेवला नाहीस. तिसऱ्या दिवशी गज घेऊन निघालास तेव्हा आई मागे धावली, तिला वाटलं आता खून पडणार. तू विष्णूच्या घरी गेलास आणि गज त्याच्या हातात दिलास. विष्णूने तो घेतला आणि तुझ्या खांद्यावर एकदा हाणला, जोर लावून, त्याच जुन्या हाडावर. मग गज टाकून तो तारांमधून काहीतरी बोलला आणि ते त्याच्या बायकोलाही कळलं नाही. तू तिथेच भिंतीशी बसलास. त्याच्या बायकोने तुलाही पेज दिली. आई हे सांगताना पहिल्यांदाच रडली नाही.

आणि परवा त्सोलआम्टची, म्हणजे इथल्या कस्टमची, चिठ्ठी आली. परदेशी पार्सल आहे, मजकूर स्पष्ट नाही, समक्ष येऊन उघडा.

गेले. तिथला माणूस तरुण होता, हातमोजे घातलेला. त्याने सुतळी कापली, कागद बाजूला केला आणि गज टेबलावर ठेवला. मी तो इतक्या वर्षांत हातभर अंतरावरून पाहिला नव्हता. त्याच्या टोकाला थरावर थर रंग चढलाय, निळा, तांबडा, हिरवा, बाबांच्या वेळचासुद्धा. माणसाने विचारलं, “वेर्कत्सोइग?” म्हणजे हत्यार, अवजार काही? कामाचं? तो फॉर्मवर खूण करायला पेन घेऊन थांबला होता.

ते दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते, रुपेश. किती सोपं होतं. मागे रांग होती.

मी म्हणाले, “नाही. याने माझे वडील माझ्या भावाला मारायचे. याने माझ्या भावाने एका माणसाचा जबडा फोडला, आणि ते माझ्यामुळे झालं. म्हणून आता हा मला पाठवलाय.” त्याने पेन खाली ठेवलं.  त्याने विचारलं, मग मी लिहू काय? मी म्हटलं, लिहा, लोखंडी गज, वापरलेला. त्याने तसंच लिहिलं आणि खाली सही घेतली.

घरी आल्यावर अन्वीने विचारलं, “वास इस्ट दास?” तिलाही सांगितलं, तिला कळेल तेवढं. गज कपाटामागे नाही ठेवला, समोरच ठेवला आहे.

ज्या कागदात तो गुंडाळला होता तो मी फेकायला निघाले होते. मग मुंग्या दिसल्या. तुझं अक्षर. कागद उलगडून स्वयंपाकघराच्या फरशीवर चारी कोपऱ्यांना डबे ठेवून सपाट केला. नव्या भांड्याचा आराखडा आहे, आपल्या जुन्यापेक्षा लहान, बाबांच्या शेडमध्ये मावेल असं भांडं. खड्डा काढून टाकला आहेस, भांडं जमिनीवर. खाच तू काठावरून काढून झाकणाच्या आतल्या बाजूला, खाली तोंड करून घेतली आहेस, म्हणजे वरून काही पडलं तरी तिच्यात राहणार नाही. खाली तारीख आहे, माझं पत्र मिळाल्यानंतर अकरा दिवसांची. बाजूला सात टिपा. पहिल्या चार मापांच्या. मग:

“५. दर वेळी कडं काढून खाच पुसणे.

६. मशीनपासून दहा फुटांत कोणी जेवू नये. जेवत असल्यास उठवावे. मारू नये.

७. पूजा झाकण बंद केल्यावरच करणे. अक्षता ठेवाव्यात, वाहू नयेत.”

मी फरशीवर बसून सातवी टीप पुन्हा पुन्हा वाचली आणि मोठ्याने रडले, तुटक्या दाताने. अन्वी घाबरून खोलीत गेली.

कोपऱ्यातल्या चौकटीत ‘काढणार’पुढे तुझी सही आहे. ‘तपासणार’पुढे तू ‘ताई’ लिहून जागा मोकळी सोडली आहेस. कड्याचं माप दोन मिलिमीटर कमी धरलं आहेस, दाबाखाली ते निसटेल. बाकीचं बघते आहे. घाई करू नकोस, या वेळी प्रत्येक आकडा वाचून मगच सही करणार.

ताई